तारा सैल का पडतात?

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्र दोन पानांचे. त्यातील पहिले दीड पान मुलांच्या मराठी वाचनाविषयी असून त्याचा परामर्श आम्ही पुढे केव्हातरी घेऊ. शेवटच्या अर्ध्या पानात त्यांनी संकोचत एक निराळाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलाला यंदा नवी सायकल घेतली. तीन महिन्यांत ती चार वेळा दुकानात न्यावी लागली. दर वेळी मागच्या चाकाच्या तारा सैल झालेल्या. दर वेळी मिस्त्री पाना फिरवून त्या आवळून देतो, आठ दिवस सायकल मुकाट चालते आणि नवव्या दिवशी पुन्हा खुळखुळ सुरू होते. "दोष चाकात आहे, चालवणाऱ्यात आहे की आवळणाऱ्यात आहे?" असे त्या विचारतात आणि असला प्रश्न या सदरात विचारल्याबद्दल क्षमाही मागतात.

क्षमेचे काही कारण नाही. ज्या मुलखात बसून आम्ही हे सदर लिहितो, तेथे सायकलीविषयी बोलणे म्हणजे एका परीने घरच्याच इतिहासाविषयी बोलणे होय. बेळगावात किर्लोस्कर रोड या नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, की ज्या घराण्याने पुढे नांगर, पंप आणि इंजिने यांनी देश भरून टाकला, त्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ याच गावात सायकलीच्या दुकानाने झाला? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले; पण काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट उमगत नाही असे ध्यानात आल्यावर रंगपेटी बाजूला सारून त्यांनी यांत्रिक आरेखन हाती घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. सायकल हे तेव्हा साहेबलोकांचे वाहन. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि वडील बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा तो व्यवहार. १८८८ हे त्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. योगायोग असा, की त्याच १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले.

हे बंधू नुसती सायकल विकून थांबत नसत. गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवीत आणि त्या शिकवणीचे १५ रुपये घेत, असे सांगितले जाते. आजच्या विक्रेत्याने हे जरूर लक्षात घ्यावे. पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे प्रथम तो कुणी घेईना, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोबांनी, पणजोबांनी त्याच वाडीतून १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर'चे अंक बांधून ठेवले असतील. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की सायकलीच्या चाकाचा प्रश्न या पानांना परका नाही. असो, मूळ गोष्टीकडे वळू.

आमच्या पिढीने लहानपणी जे चाक प्रथम पाहिले ते बैलगाडीचे. मध्ये तुंबा, त्यात ठोकून बसवलेले लाकडी आरे, आऱ्यांच्या टोकांवर पाट्यांचे वर्तुळ आणि त्यावर लालबुंद तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव निवू लागली की आकसते आणि साऱ्या लाकडाला चहूंकडून आत दाबून धरते. तेथे आरा म्हणजे खांब. जमिनीकडच्या दोन-तीन आऱ्यांवर गाडीचा भार अक्षरशः उभा असतो. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की तेच चाक खिळखिळे होई. मग ते ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवीत, लाकूड फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे.

सायकलीच्या चाकालाही आपण पुस्तकी मराठीत तेच शब्द लावतो आणि 'आरे' म्हणतो. दुकानात मात्र 'तारा' म्हणतात. आम्ही मराठीचे विद्यार्थी. तरीही या ठिकाणी आमचे मत दुकानाच्या बाजूने पडेल. कारण 'आरा' म्हटले की खांब डोळ्यांसमोर येतो आणि येथे खांबाचा काही संबंधच नाही. दोन मिलिमीटर जाडीची ती तार उभी धरून वरून अंगठ्याने दाबली तर काडीसारखी वाकते. पण तीच दोन्ही टोकांनी ओढली तर दोन माणसांचे वजन सहज तोलून धरील. तिला दाबता येत नाही, फक्त ताणता येते. 'तार' हा शब्द खरे सांगतो.

तारेच्या चाकाची कल्पना सायकलीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडातील जॉर्ज केली यांनी १८०८ साली उडत्या यंत्राच्या विचारात असताना हलक्या चाकासाठी ती कागदावर मांडली. पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ साली तारेच्या चाकाचे पेटंट घेतले आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली तारा तुंब्यापासून सरळ न नेता एकमेकींवरून तिरप्या नेण्याची युक्ती काढली. ही तिरपी मांडणी शोभेची नव्हे. पायडल मारल्यावर साखळी तुंब्याला फिरवते. त्या तुंब्याने रिमला ओढून फिरवायचे तर तार तिरपीच हवी. ती सरळ असती तर प्रत्येक धक्क्याला तिच्या मानेपाशी पीळ पडला असता. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागे अधिक, कारण बसणाऱ्याचा बहुतेक भार मागच्या चाकावर, साखळीची ओढ मागच्या चाकावर, आणि कॅरिअरवर बसलेला मित्र, वैरणीचा भारा किंवा दुधाचे कॅन हेही मागच्याच चाकावर.

आता भार पेलला जातो कसा? कित्येक सुशिक्षित माणसे सांगतात, की तुंबा वरच्या तारांना टांगलेला असतो. ऐकायला ते पटतेही. परंतु प्रत्यक्ष मोजमापात निराळेच दिसते. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने १९८१ साली केवळ सायकलीच्या चाकावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात या गोष्टीचा निकाल लावला. चाक बांधतानाच प्रत्येक तार ओढून ताणलेली असते. चांगल्या बांधणीत एकेका तारेवर ६० ते १०० किलो वजन टांगल्याइतका ताण असतो, म्हणजे ४० तारांची ओढ एकत्र केली तर ती दोन-तीन टनांच्या पुढे जाते. सायकलवर माणूस बसला की जमिनीला टेकणारा रिमचा भाग किंचित चपटा होतो आणि तेथल्या तीन-चार तारांचा ताण तेवढ्यापुरता घटतो. बाकीच्या तारांना जवळजवळ पत्ताही लागत नाही. चाक फिरेल तसतशी ही घट एका तारेवरून दुसरीवर सरकत जाते.

घरगुती उदाहरण द्यायचे तर असे, की बांधताना दिलेला ताण ही त्या तारेची शिल्लक. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा तिच्यावर रस्त्याचा खर्च पडतो आणि ती खाली येऊन वर गेली की शिल्लक पुन्हा भरून निघते. शिल्लक भरपूर असेल तर खर्चाने काही बिघडत नाही. ती मुळातच तुटपुंजी असेल तर दर फेऱ्याला खाते रिकामे होते. आणि जो काही घोटाळा होतो तो त्या रिकाम्या क्षणी.

तारेच्या रिमकडील टोकाला बारीक आटे पाडलेले असतात, इंचाला ५६. त्यावर पितळेचे निपल फिरवून बसवतात. निपलचे डोके रिमच्या भोकात अडकलेले असते. ते आपोआप का फिरत नाही? त्याला कुलूप नाही, खिळा नाही. त्याला जागच्या जागी धरून ठेवतो तो केवळ तारेचा ताण. ताणामुळे निपल रिमवर घट्ट दाबले जाते आणि घर्षणाने स्थिर राहते. ताण शून्यावर आला की ते मोकळे होते. त्याच क्षणी खडीवरून बसलेल्या हादऱ्याने ते केसभर फिरते, आणि फिरते ते सुटण्याच्याच बाजूला, कारण त्या बाजूला त्याला विरोध नाही. २६ इंची चाकाचा घेर दोन मीटरपेक्षा थोडा अधिक. पाच किलोमीटरवरच्या शाळेला जाऊन येणाऱ्या मुलाचे चाक दिवसाला सुमारे ४,८०० फेरे घेते. म्हणजे सैल तारेला सुटण्याची संधी एका दिवसात ४,८०० वेळा मिळते. एवढ्या संधी मिळाल्यावर कोण सुटणार नाही!

एक तार सुटली की तिचा वाटा शेजारणींवर पडतो. रिम तेथे एका अंगाला झुकते, म्हणजेच चाकाला 'आऊट' येतो. झुकलेल्या जागी समोरच्या बाजूच्या तारा आणखी ढिल्या होतात. अशी ही साथ पसरत जाते. म्हणून तारा कधी एकट्या सैल होत नाहीत, घोळक्याने होतात.

आता आणखी एक गोष्ट, जी नव्या सायकलीच्या मालकाला कुणी सांगत नाही. नवे चाक पहिल्या महिन्यात स्वतःहून थोडे सैल होते, आणि त्यात कुणाचाही लबाडपणा नसतो. तारेची वाकवलेली मान तुंब्याच्या भोकात हळूहळू रुतून बसते, निपलचे डोके रिममध्ये बसते; या बसण्यात जी अर्ध्या केसाची लांबी मिळते तेवढा ताण जातो. शिवाय निपल आवळताना कोरड्या आट्यांमुळे तारच निपलबरोबर पिळली जाते, धुणे पिळावे तशी. पाना काढला तरी पीळ आत राहतो. पहिल्याच फेरीत चाकातून 'टिंग टिंग' असा आवाज येतो तो हा पीळ सुटण्याचा. पीळ सुटला म्हणजे आवळलेले तेवढे वाया गेले. घाईने जोडलेल्या सायकलीत हे हमखास घडते.

घाईने जोडलेल्या सायकली आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. कर्नाटक सरकारने २००६-०७ या वर्षापासून आठवीच्या वर्गाला विनामूल्य सायकली देण्यास प्रारंभ केला, प्रथम मुलींना आणि पुढे मुलांनाही. २०२० साली करोनाच्या साथीत हे वाटप थांबले. या योजनेविषयी लोकांनी पुष्कळ टीका केली. आमचे मत मात्र स्पष्ट आहे. सीमाभागातील खेड्यांत सातवीपर्यंतची शाळा गावात असते आणि हायस्कूल चार-सहा किलोमीटरवर. त्या चार-सहा किलोमीटरांत जितक्या मुलींचे शिक्षण संपले तितके दुसऱ्या कशाने संपले नसेल. सायकलीने ते अंतर अर्ध्यावर आणले, हे आम्ही हजेरीपटावरून सांगू शकतो. परंतु त्या सायकली सुट्या भागांत येत. शाळेच्या पटांगणात दोन-तीन पोरे दिवसाकाठी कितीतरी सायकली जोडून मोकळी होत. चाके तयारच आलेली असत. त्यांना पाना लावण्यास कुणाला सवड नसे.

वेदगंगेच्या काठच्या एका गावची मुलगी आमच्याकडे आठवीत होती. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल, आई घरी बिड्या वळणारी. घर ते शाळा पाच किलोमीटर, त्यातले दोन किलोमीटर उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेली वाट. जून-जुलैत ती एकही दिवस चुकली नाही. ऑगस्टात आठ दिवस दिसली नाही, मग चार दिवस आली, मग पुन्हा दिसेना. अशा वेळी मुख्याध्यापकाच्या मनात प्रथम आजारपण येते आणि पाठोपाठ लग्नाची बोलणी येतात. चौकशीस पाठवले तेव्हा कळले, की यातले काहीच नाही. सायकलीचे मागचे चाक वाकडे होऊन फ्रेमला घासत होते. दोनदा दुरुस्त केले, दोनदा पुन्हा वाकडे झाले. शेवटच्या खेपेस संध्याकाळी पावसात तिने सायकल ढकलत घरी आणली, पोचेपर्यंत अंधार पडला. वडील म्हणाले, सायकल नीट होईल तेव्हा जा. सायकल नीट करायची तर ती निपाणीस न्यायची, म्हणजे एक दिवसाची हमाली बुडवायची. ती कधी बुडवायची हे ठरत नव्हते. तोवर पोर आईच्या शेजारी बसून बिड्या वळू लागली होती आणि तिचे बोट चांगले चालते असे आजूबाजूला म्हटले जाऊ लागले होते.

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही घाबरलो. ज्या घरात मुलीचे बोट बिडीवर चांगले चालू लागते, त्या घरात तिच्या शाळेचे दिवस मोजायला हरकत नाही. सायकल शाळेच्या शिपायाकरवी आणवली आणि निपाणीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवली. मागोमाग आम्हीही गेलो. मिस्त्रींचे वय सत्तरीच्या पुढे. पूर्वी त्यांच्याकडे तासाच्या भाड्याने द्यायच्या वीस सायकली होत्या. आता दुकानात मोटरसायकलींची पंक्चरे अधिक.

"मिस्त्री, दोनदा आवळल्या हो या तारा. पुन्हा सैल झाल्या की!"

त्यांनी चाक फिरवून पाहिले आणि बोटाने तारा छेडल्या. "सैल हाय तीच पिळत बसलीत बघा, गुरुजी. सैल तारेचा गुन्हा न्हाई. आदी घट्ट कुठली हाय ती बघाय पायजे."

या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले ते आम्हांला नंतर पुस्तकात सापडले. चाकात काही तारा अति ताणलेल्या आणि काही अगदी निर्ताण, अशी विषमता असते. ताणलेल्या तारांनी रिम आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे समोरच्या ढिल्या दिसतात. कारागीर ढिल्या तेवढ्या आवळतो. रिम सरळ दिसू लागते, गिऱ्हाईक पैसे देते. परंतु एकूण ताण कमीचा कमीच राहतो आणि असमान तो असमानच. आठ दिवसांत मूळ पदावर.

मिस्त्रींनी टायर-ट्यूब उतरवली, साऱ्या तारा सैल करून निपलपाशी आट्यांची एकच खूण दिसेल अशा समान केल्या, प्रत्येक निपलमध्ये तेलाचा थेंब सोडला आणि व्हॉल्व्हच्या भोकापासून आरंभ करून अर्धा-अर्धा आटा देत चाकाला फेऱ्या घातल्या. घाई कुठेच नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर तारा बोलू लागल्या. मग फ्रेमला काडी टेकवून रिम डावीकडे-उजवीकडे कुठे लागते ते पाहिले. डावीकडे लागली तर तेथल्या उजव्या बाजूच्या तारा पाव आटा आवळायच्या आणि डाव्या तेवढ्याच ढिल्या करायच्या. वर-खाली उडते काय, तेही पाहिले. मध्येच ते पाना खाली ठेवीत आणि दोन्ही हातांनी शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने आवळीत. कडकड आवाज होई. आत राहिलेला पीळ सुटे, माना तुंब्यात बसत. पुन्हा काडी, पुन्हा पाना. प्रत्येक वेळी निपल हवे त्यापेक्षा थोडे पुढे नेऊन तितकेच मागे आणीत. हाही पीळ काढण्याचाच प्रकार. दीड तास गेला. शेवटी त्यांनी एका बाजूच्या तारा ओळीने छेडल्या. साऱ्यांचा स्वर जवळजवळ एक.

आमच्या शेजारी मिरजेत तंबोरे आणि सतारी तयार होतात, आणि कुमार गंधर्वांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावीचा. तेव्हा तार लावणे म्हणजे काय हे या भागातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही. नियम तोच आहे. एकाच लांबी-जाडीच्या तारेचा ताण चौपट केला की तिचा स्वर बरोबर एका सप्तकाने चढतो. म्हणजे कान हे ताण मोजण्याचे पुरेसे चांगले साधन आहे, आणि ते फुकट मिळालेले आहे. सवाई महागडे मापक आता मिळतात. मिस्त्रींनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते.

"पंधरा दिवसांनी परत दाखवा," त्यांनी बजावले. पंधरा दिवसांनी दहा-बारा तारांना पाव-पाव आटा लागला. त्यानंतर वर्षभर त्या चाकाला पाना लागला नाही, आणि मुलीच्या हजेरीपटावर त्या वर्षी दिवाळीनंतर एकच गैरहजेरी आहे; तीही जत्रेची.

तेव्हा बडोद्याच्या भगिनींना आमचे उत्तर असे, की तुम्ही उभे केलेल्या तीन आरोपींपैकी चालवणारा बहुधा निर्दोष आहे. दोष बांधणाऱ्याचा असेल, आणि आवळणाऱ्याने तो चार वेळा झाकला असेल. मुलगा कॅरिअरवर मित्राला बसवून खड्ड्यातून सायकल हाणत असेल तर त्यालाही थोडा वाटा द्यावा. पण चांगले बांधलेले चाक मुलांचा हूडपणा पुष्कळ सोसते.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच काही पाहून ठेवावे. सायकल उलटी उभी करून दोन-दोन तारा चिमटीत दाबून पाहाव्यात. कुठल्या सहज मिटतात ते कळते. छेडून आवाज ऐकावा. डाव्या बाजूच्या तारांची तुलना डाव्यांशी, उजव्यांची उजव्यांशी करावी. कारण मागच्या चाकात साखळीच्या बाजूला फ्रीव्हील असल्याने त्या बाजूच्या तारा थोड्या अधिक ताणलेल्या असतात, आणि सैल पडण्याचा मान बहुधा डावीकडच्यांना मिळतो. गिअरच्या सायकलीत हा फरक फारच मोठा. तारा सैल असलेल्या जागी रिमला पोचा आहे काय, हे हात फिरवून पाहावे. पोचा असेल तर तेथली तार कितीही आवळली तरी चाक गोल होणार नाही. रिम बदलणे हाच उपाय. आणि पोचा पडतो तो बहुधा टायरमध्ये हवा कमी असताना खड्ड्याची कड लागल्याने. हवा भरण्याचा आळस येथे महाग पडतो.

मग मिस्त्रीला 'तारा आवळून द्या' असे म्हणू नये. 'साऱ्या चाकाचा ताण सारखा करून आऊट काढून द्या, आणि पंधरा दिवसांनी मी पुन्हा आणीन' असे म्हणावे. तो दुप्पट मजुरी मागेल. ती आनंदाने द्यावी. चार वेळा दिलेल्या अर्ध्या मजुरीपेक्षा ती कमीच भरते. तो नाही म्हणाला तर दुसरा मिस्त्री शोधावा, आणि शोधताना शक्यतो पांढऱ्या केसांचा शोधावा.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. तारा घट्ट केल्या की तुटतात, असे पुष्कळांना वाटते आणि म्हणून कारागीरही हात आखडता घेतात. तार तुटते ती बहुधा तुंब्यापाशी, मानेतून. आणि तुटते ती ताणाने नव्हे तर सैलपणाने. ढिली तार दर फेऱ्याला मानेपाशी हलते. लोखंडी तार हातात घेऊन मागे-पुढे वाकवत राहिले की ती कशी तुटते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे तेच दिवसाला ४,८०० वेळा घडते. अति आवळण्यालाही अर्थात मर्यादा आहे. तसे केले तर रिमला भोकांपाशी तडे जातात, किंवा चाक एकाएकी भाजलेल्या पापडासारखे वेडेवाकडे होते. पण आमच्याकडच्या सायकलींपैकी अति ताणलेली सायकल आम्ही अजून पाहिलेली नाही. निपलला डिंक लावणे, दोन तारा तांब्याच्या तारेने एकमेकींना बांधणे, सैल तारेवर मण्यांचे नळे चढवून खुळखुळाट दडपणे, हे सारे उपाय मात्र पाहिले आहेत. शेवटचा उपाय दिसायला सुरेख असतो, एवढेच.

घरच्या घरी पाना फिरवण्याची हौस कुणाला असेल तर दिशेची खूणगाठ बांधावी. टायरच्या बाजूने तुंब्याकडे पाहात निपल उजवीकडे फिरवले की तार आवळली जाते. चाकाच्या आतल्या बाजूने पाहिले तर हेच उलटे दिसते, आणि निम्मे घोळ तेथेच होतात. एका वेळी पाव आट्याहून अधिक देऊ नये. गंजून बसलेल्या निपलावर आधी तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवावे. जबरदस्ती केली तर त्याच्या कडा झिजून गोल होतात आणि मग ते पान्याला दाद देत नाही. तेल रिमच्या आत ओघळून ट्यूबला लागू देऊ नये, रबराला ते बाधते. तार आवळल्यावर तिचे टोक निपलमधून पलीकडे डोकावते काय तेही पाहावे. डोकावत असेल तर कानशीने घासून टाकावे आणि वरची पट्टी नीट बसवावी, नाहीतर उद्या पंक्चर काढण्याची वेळ येते.

त्या मुलीने पुढे दहावीची परीक्षा दिली. सायकल तिच्यामागून तिच्या धाकट्या भावाने वापरली. मागच्या चाकाच्या दोन तारा मध्यंतरी बदलाव्या लागल्या, दोन्ही डाव्या बाजूच्या. बाकीच्या ३८ त्या दिवशी मिस्त्रींनी लावलेल्याच होत्या.